हनोई: समाध्या, देवळं, म्युझियमं आणि ते महाराजांचं ढकलपत्र

केतकीबन

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात हनोईला जायचं नक्की झालंय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. रविवारी रात्री पोचतोय, शुक्रवारी पहाटेचं परतीचं विमान. सगळे सांगतात हालाँग बे, क्रूझ वगैरे, पण सासूबाईंना बोट लागते, त्यामुळे तो विषय बाद. मुक्काम पूर्ण हनोईतच. सासरे निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना समाध्या, देवळं, म्युझियमं हवी आहेत आणि प्रत्येक पाटी पूर्ण वाचून झाल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. सासूबाईंचा एक गुडघा दुखरा, शिवाय त्या पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही.

कुठल्या दिवशी काय ठेवावं? व्हिएतनामचे राष्ट्रपिता हो ची मिन्ह यांच्या समाधीला किती चालावं लागतं? काही टाळण्यासारखं आहे का?

आणि हो, सासऱ्यांनी एक ढकलपत्र (म्हणजे फॉरवर्ड होत फिरणारं पत्र) जपून ठेवलंय. व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याने हरवलं, तिकडच्या कुठल्याशा थडग्यावर महाराजांचं नाव कोरलंय, इत्यादी. "ते थडगं बघायचंच" असं म्हणतायत. कुठे आहे ते?

दक्षिणवारा

सोमवारी समाधी बंद. शुक्रवारीही बंद. उरलेल्या दिवशी फक्त सकाळी उघडी, तीही जेमतेम तीन तास. तुम्ही मंगळवार पकडा. एथ्नॉलॉजी (तिथल्या जमातींच्या जीवनाचं) म्युझियमही सोमवारी बंद असतं. सोमवारी व्हान मिएउ (साहित्य मंदिर) आणि होआ लो तुरुंग करा, दोन्ही रोज उघडे असतात.

ढकलपत्राबद्दल मी काही बोलत नाही. जाणकार येतीलच. :)

तळ्यातमळ्यात

केतकी, आम्ही इथेच राहतो, नवऱ्याची नोकरी इथे. त्यामुळे आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला समाधी दाखवायचं काम माझ्याकडे. आता समाधीसमोरच्या बा दिन्ह चौकातले सुरक्षावालेसुद्धा ओळखीचे वाटायला लागलेत.

शक्यतो उघडायच्या वेळेलाच रांगेत उभं राहा. शाळांच्या सहली, खेड्यापाड्यांतून बसने आलेली म्हातारी माणसं, छातीवर पदकं लावलेले निवृत्त सैनिक, सगळे येतात. रांग लांबलचक दिसते, पण सरकत राहते. अडचण वेगळीच आहे: मधे बसायला मिळत नाही आणि आत पायऱ्या चढून मग उतरायच्या आहेत. सासूबाईंना जमेल असं वाटत नसेल तर आग्रह करू नका. चौकातल्या खुल्या बाजूनेही इमारत छान दिसते. करड्या ग्रॅनाइटचा तो ठोकळा मॉस्कोतली लेनिनची समाधी डोळ्यासमोर ठेवून बांधलाय, १९७३ ते १९७५ मध्ये.

आत जाताना गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. टोपी काढायची, बोलायचं नाही, फोटो नाही, हाताची घडी नाही, खिशात हात नाही. आमच्या मामांनी गारठ्यामुळे खिशात हात घातला, तर पांढऱ्या गणवेशातल्या पोरगेल्या पहारेकऱ्याने नुसतं बोट त्यांच्या मनगटाकडे नेलं. मामांचे हात पुढे घरी येईपर्यंत खिशात गेले नाहीत. आत कडक एसी आहे. काचेच्या पेटीत मंद उजेडात हो ची मिन्ह यांचा जतन केलेला देह, चेहरा आणि हात तेवढे उजळलेले. थांबू देत नाहीत. तिन्ही बाजूंनी फिरून मिनिटभरात बाहेर.

तुमच्या सासऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे हो ची मिन्ह यांचं मृत्युपत्र. माझं दहन करा, राख उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तिन्ही भागांत ठेवा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. कम्युनिस्ट पक्षाने ते मानलं नाही आणि मृत्युपत्रातला तो भाग १९८९ पर्यंत लोकांसमोर आणलाही नाही. मृत्यूची तारीखही सुरुवातीला ३ सप्टेंबर १९६९ अशी जाहीर झाली, कारण २ सप्टेंबर हा राष्ट्रीय दिन. याच चौकात १९४५ च्या २ सप्टेंबरला त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली होती. खरी तारीख २ हीच, तेही १९८९ मध्येच सांगितलं.

म्हणून मी पाहुण्यांना सांगते, समाधीपेक्षा मागचं घर जास्त वेळ बघा. फ्रेंच गव्हर्नर जनरलसाठी बांधलेला भलामोठा पिवळा राजवाडा त्यांना राहायला मिळाला होता. ते तिथे राहिले नाहीत. १९५८ पासून तळ्याकाठी खांबांवर उभारलेल्या लाकडी घरात राहिले. वर दोन छोट्या खोल्या, खाली मोकळ्या जागेत बैठकीचं टेबल. गाद्यागिरद्या नाहीत की झुंबर नाही. एक घड्याळ, काही पुस्तकं, एक टेबलफोन. तळ्यात मासे अजून आहेत.

तिथून दोन पावलांवर एकखांबी पॅगोडा. फोटोत मोठा वाटतो, प्रत्यक्षात आपल्या पारावरच्या देवळाएवढा. १०४९ साली ली थाई तोंग राजाने बांधला. कमळावर बसलेल्या क्वान आमने, म्हणजे अवलोकितेश्वराच्या स्त्रीरूपाने, त्याला स्वप्नात मुलगा दिला म्हणे. मूळचा १९५४ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच फौजेने उडवला, आत्ताचा १९५५ चा. खांब सिमेंटचा आहे, हे आधीच सांगून ठेवते. अजूनही मूल हवं असलेली जोडपी येतात.

खडूसकाका

आम्ही नामांकित टूर कंपनीबरोबर गेलो होतो (नाव लिहीत नाही, उगाच धागा उडेल). समाधी बाहेरून, एकखांबी पॅगोडा बाहेरून, व्हान मिएउ आतून पण "फॉर्टी मिनिट्स ओन्ली सर". रेल्वे रूळावरच्या कॉफीच्या गल्लीत मात्र दीड तास! तिथे रुळाच्या कडेला बसून अठ्ठावीस माणसं रील काढत होती. एका म्युझियमचं नाव कार्यक्रमात छापलं होतं, ते बसमधून बोट करून दाखवलं. मी विचारलं तर मॅनेजर म्हणाला, काका, म्युझियममध्ये लोकांना बोअर होतं.

तेव्हा केतकी, स्वतःचं स्वतः करतेयस तेच बरं. ग्रॅब ॲपची टॅक्सी स्वस्त पडते. एका रुपयाला अंदाजे ३०० डोंग धर. पहिल्या दिवशी लाखाची नोट चहाला देताना छातीत धस्स होतं, मग सवय होते.

शिळाप्रेमी

त्या लाखाच्या नोटेच्या मागच्या बाजूला जे चित्र आहे, ते व्हान मिएउचंच. चाळीस मिनिटांत ते उरकणाऱ्यांना दंड केला पाहिजे.

१०७० मध्ये कन्फ्यूशियसचं मंदिर म्हणून सुरू झालं, १०७६ मध्ये त्याला लागून राजविद्यालय आलं. एकामागोमाग एक पाच चौक. तिसऱ्या चौकात माझं मन अडकलं. मधे चौकोनी तळं, दोन्ही बाजूंच्या पडव्यांत दगडी कासवं रांगेने, प्रत्येकाच्या पाठीवर उभी शिळा. एकूण ८२ शिळा. १४४२ ते १७७९ या काळातल्या राजपरीक्षांत डॉक्टर पदवी मिळवणाऱ्या १३०४ जणांची नावं आणि गावं त्यांवर कोरलेली. लिपी चिनी, त्यामुळे आजच्या बहुतेक व्हिएतनामी लोकांनाही ती वाचता येत नाही. स्वतःच्याच पणजोबांच्या पणजोबांचं नाव समोर आहे आणि वाचायला तज्ज्ञ लागतो, या विचाराने मला चुटपुट लागली. सगळ्यात जुन्या शिळेवरच्या मजकुराचा आशय असा की गुणी माणसं हा राज्याचा प्राण; तो सशक्त तर राज्य उभं, तो क्षीण तर राज्य खाली. शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे वाक्य पाठ असतं.

कासवांची डोकी जवळून बघा. काही तुळतुळीत झालीत, कारण पिढ्यान्पिढ्या परीक्षार्थी पोरं हात फिरवून जायची. आता कठडा घातलाय. मी गेलो तेव्हा एक आजी कठड्यावरून वाकून छत्रीच्या टोकाने कासवाला स्पर्श करत होत्या आणि मग तेच टोक नातवाच्या कपाळाला लावलं. रखवालदाराने बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

केतकी, गुडघ्यासाठी चांगली जागा आहे. सगळं सपाट, झाडं भरपूर, बसायला कट्टे. उंबरे मात्र उंच आहेत.

रायगडचा वारा

सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घालत नाहीये. महाराजांच्या युद्धनीतीवरून व्हिएतनामने प्रेरणा घेतली हे जगजाहीर आहे. त्यांच्या मंत्री रायगडावर येऊन माती घेऊन गेल्या होत्या. आपल्याच लोकांना आपल्या इतिहासाची लाज का वाटते?

शिळाप्रेमी

लाज कुणाला वाटते? मी फक्त विचारतो: कोण म्हणालं, कधी म्हणालं, कुठे छापलं? ढकलपत्रात राष्ट्राध्यक्षांचं नाव नसतं, पत्रकाराचं नसतं, थडग्याचं गाव नसतं. दर दिवाळीला तेच पत्र येतं, फक्त शेवटी "दहा जणांना पाठवा" हे वाढतं.

संपादक मंडळातली ताई

विषय हनोई. धाग्याचं काश्मीर करू नका. मुद्देसूद बोलणार असाल तर चालू द्या.

तळ्यातमळ्यात

मुद्देसूदच बोलते. हे ढकलपत्र माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतं आणि "तू तिथे आहेस, फोटो काढून पाठव" म्हणतं. मी इथली म्युझियमं पालथी घातली आहेत, व्हिएतनामी मैत्रिणींना विचारलंय, इतिहासाच्या एका शिक्षिकेलाही विचारलंय. महाराजांचं नाव त्यांच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. ऐकल्यावर त्या शिक्षिकेने मोठ्या कुतूहलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमचे त्रान हुंग दाओ!"

हे त्रान हुंग दाओ कोण, ते माहीत करून घ्या, कारण हनोईत पावलापावलावर भेटतात. होआन किएम तळ्यातल्या न्गोक सोन देवळात तर देव म्हणून बसलेत. मंगोलांनी या देशावर तीनदा स्वारी केली: १२५८, १२८५ आणि १२८८. सारं आशिया ज्यांच्या नावाने कापत होतं ते मंगोल, आणि समोर हे एवढंसं राज्य. सेनापती त्रान हुंग दाओंनी काय केलं? राजधानी रिकामी केली. धान्य हलवलं, जे हलवता आलं नाही ते जाळलं. शत्रू शहरात शिरला तर खायला दाणा नाही. त्यात मागून येणारी रसदीची गलबतं समुद्रातच बुडवली. उपाशी, आजारी फौज परत फिरली, तेव्हा बाक दांग नदीच्या तळात लोखंडी टोकांचे लाकडी खुंट रोवून ठेवले होते. भरतीच्या वेळी हलक्या होड्यांनी हूल देऊन मंगोलांची जड गलबतं आत ओढली, ओहोटी लागली आणि गलबतं त्या खुंटांवर बसली. मग दोन्ही काठांवरून आगीचे बाण.

हीच युक्ती त्याच नदीत न्गो क्वेनने ९३८ मध्ये चिनी आरमारावर वापरली होती. म्हणजे यांच्याकडे गनिमी काव्याची घरचीच जुनी परंपरा आहे.

शिळाप्रेमी

१२८८. तेव्हा देवगिरीवर रामदेवराय यादव होता, अल्लाउद्दीन यायला अजून आठ वर्षं होती आणि महाराजांच्या जन्माला ३४२. उधारी कुणी कुणाकडून घेतली हा हिशेबच बसत नाही.

आणि फ्रेंचांविरुद्धची दिएन बिएन फूची लढाई जिंकणारे जनरल जाप स्वतः हनोईत इतिहास शिकवायचे. नेपोलियनच्या मोहिमांचा त्यांचा दांडगा अभ्यास, आणि त्रान हुंग दाओ तर घरचेच.

रायगडचा वारा

ठीक. पण आरमार, ओहोटी, हूल, रसद तोडणं... हे महाराजांसारखंच आहे हे तरी मानाल की नाही?

शिळाप्रेमी

शंभर टक्के. मोठ्या शत्रूपुढे लहान राज्याला असंच लढावं लागतं, म्हणून सारखं. तुलना करा की, मीही करीन. मला खटकतं ते एवढंच की त्यांच्या माणसाचं श्रेय काढून आपल्या माणसाला द्यायचं. महाराजांना त्याची गरज नाही.

दुपारचाचहा

मी मूक वाचक, पण तलवारीबद्दल लिहायलाच हवं! होआन किएम तळ्याची गोष्ट ऐकली आणि मला भवानी तलवारच आठवली. ले लोयने मिंग चिनी सत्तेशी १४१८ ते १४२७ दहा वर्षं झुंज दिली. त्याला एक दैवी तलवार मिळाली होती. जिंकल्यावर, राजा झाल्यावर, तो या तळ्यात नौकाविहार करत असताना सोनेरी कासव वर आलं आणि म्हणालं, काम झालं, आता तलवार परत दे. त्याने दिली. आपल्याकडे देवी तलवार देते, इथे परत मागूनही घेते!

त्या तळ्यात खरोखरच अजस्र कासवं होती. शेवटचं २०१६ च्या जानेवारीत गेलं तेव्हा शहर हळहळलं होतं. लाल पुलावरून न्गोक सोन देवळात गेलं की काचेच्या पेटीत दोन जपून ठेवलेली कासवं दिसतात. आमचा धाकटा तिथून हलेना. आणि देवापुढचा नैवेद्य बघाल तर चॉकलेटचे बिस्किटपुडे, बिअरचे डबे, कोल्ड्रिंक, फळांचे मनोरे. रचना इतकी नेटकी की एक पुडा उचलला तर सगळं कोसळेल.

केतकीबन

बापरे, केवढं लिहिलंत! सासऱ्यांना वाचून दाखवलं. बाक दांगची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. "ते खुंट बघायला मिळतील का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "भारताशी संबंधित काही?"

सासूबाईंचा प्रश्न: जेवायचं काय?

तळ्यातमळ्यात

खुंट मिळतील. होआन किएमपासून जवळ राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे, फ्रेंचांनी बांधलेली पिवळी, उतरत्या छपरांची सुरेख इमारत. तिथे बाक दांगचे खरे खुंट ठेवलेत, त्याआधी दोंगसोन या प्राचीन संस्कृतीतले काशाचे नगारे बघा. तिथेच भारताचा धागा सापडेल: चंपा राज्याची शिल्पं. मध्य व्हिएतनाममधलं हे राज्य शिवाला भजणारं, संस्कृत शिलालेख मागे ठेवणारं. पाट्या वाचणाऱ्या माणसाला अर्धा दिवस द्या.

दुसरी भारतीय खूण पश्चिम तळ्यावरच्या त्रान क्वोक पॅगोड्यात. बोधिवृक्ष आहे, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी १९५९ च्या भेटीत दिलेलं बोधगयेच्या झाडाचं रोप. आता चांगला वाढलाय. पॅगोडा मुळात सहाव्या शतकातला, या बेटावर १६१५ मध्ये आला. अकरा मजली लाल मनोरा बघून लोक "किती प्राचीन!" म्हणतात, तो १९९८ चा आहे. संध्याकाळी जा. आणि सासऱ्यांना सांगा, १९५४ च्या ऑक्टोबरात व्हिएतमिन्हने (हो ची मिन्ह यांच्या संघटनेने) हनोई ताब्यात घेतल्यावर आठवडाभरात नेहरू इथे येऊन हो ची मिन्हना भेटून गेले होते.

सैनिकी इतिहासाचं नवं म्युझियम नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडलंय, पण शहराबाहेर आहे आणि प्रचंड आहे. अंगणात विमानं, तोफा, रणगाडे. पोरं खूश, गुडघे नाखूश. पुरुषमंडळींना सोडा तिकडे, तुम्ही दोघी महिला संग्रहालयात जा. मला हनोईतलं ते सर्वात जास्त आवडतं. खांद्यावर कावड घेऊन भाजी विकणाऱ्या बायकांवर एक दालन आहे, त्या किती वाजता उठतात, कुठे झोपतात, गावी पैसे कसे धाडतात. ते बघून बाहेर पडलात की रस्त्यावरची कावडवाली वेगळी दिसते.

जेवणाचं: "आन चाय" (म्हणजे शाकाहार) हे दोन शब्द पाठ करा आणि "चाय" पाटीवर असेल तिथे बिनधास्त शिरा. ही बौद्ध शाकाहारी खानावळ. अंडं नको हे मात्र वेगळं सांगा. साध्या हॉटेलात "नुसत्या भाज्या" मागितल्या तरी माशाचा सॉस, नुओक माम, घातलेला असतो. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या प्रतिपदा-पौर्णिमेच्या सुमाराला, बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी चंगळ. देवळांत गर्दीही त्याच दिवशी. प्रसिद्ध अंडा कॉफीत कच्चा बलक असतो, सासूबाईंना आधीच सांगा. वरचा फेस बघून फसायला होतं.

खडूसकाका

होआ लो तुरुंगाबद्दल कुणी लिहिलं नाही. फ्रेंचांनी १८९६ पासून बांधलेला. बेड्या घातलेले कैदी ओळीने बसलेत, पुतळे हे, पण अंधारात दचकायला होतं. गिलोटिन (मुंडकं छाटायचं यंत्र) आहे, खरी. गटाराच्या वाटेने कैदी पळाले ते गटाराचं तोंडही ठेवलंय. पुढे याच तुरुंगात पाडलेल्या विमानांचे अमेरिकन वैमानिक ठेवले, १९६४ ते १९७३. पुढे अमेरिकेत सिनेटर झालेला जॉन मॅकेन त्यातलाच, त्रुक बाक तळ्यात पडला होता, तळ्याकाठी त्याच्या आठवणीचा दगडही आहे. म्युझियममध्ये वैमानिक व्हॉलीबॉल खेळतायत, नाताळचं जेवण जेवतायत असे फोटो आहेत. सुटून गेलेल्यांनी मात्र छळाच्या कहाण्या सांगितल्या. फ्रेंचांच्या दालनांत अत्याचार आणि अमेरिकनांच्या दालनात पाहुणचार! बघा जरूर, पण चिमूटभर शंका बरोबर ठेवून.

तळ्यातमळ्यात

काका, बरोबर. पण दुसरी बाजू हवी असेल तर खाम थिएन रस्त्यावर जा. टूरवाले कधीच नेत नाहीत. १९७२ च्या डिसेंबरात बारा दिवस अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी हनोईवर बॉम्ब टाकले. २६ डिसेंबरच्या रात्री हा गजबजलेला रहिवासी रस्ता उद्ध्वस्त झाला, पावणेतीनशेहून अधिक माणसं गेली. पडलेल्या घरांच्या जागी छोटं स्मारक आहे, मेलेलं मूल हातांवर घेतलेल्या बाईचा पुतळा. शेजारी मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं. तिकीट नाही, गाइड नाही. आणि हूउ तिएप नावाच्या गल्लीतल्या डबक्यात पाडलेल्या बी-५२ चे अवशेष तसेच पाण्यात पडलेत, भोवती घरं, कपडे वाळत घातलेले. समाधीपासून चालत जाण्याजोगं आहे.

केतकीबन

आलो परत! थोडक्यात लिहिते, कारण धुणं पडलंय.

समाधी: सासूबाईंनी हट्टाने रांग लावली. पायऱ्यांवर मागच्या एका अनोळखी आजीबाईंनी न विचारता त्यांचा दंड धरला आणि बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर दोघी आपापल्या भाषेत पाच मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलल्या. बोटं गुडघ्याकडे होती म्हणून मला कळलं.

सोमवारी व्हान मिएउ केलं. पदवीच्या गाउनमधली कॉलेजची मुलंमुली, टोप्या उडवत होती. सासऱ्यांनी पाट्या वाचल्या. सगळ्या.

इतिहास संग्रहालयात खुंटांपुढे सासरे बराच वेळ उभे. काळे पडलेले, माणसाच्या मांडीएवढे जाड लाकडी ओंडके. त्यांनी हवेतल्या हवेत वीत धरून मापलं आणि नवऱ्याला भरती-ओहोटीचं गणित समजावलं, इतकं रंगून की दोन ऑस्ट्रेलियन मुली मराठीतलं व्याख्यान ऐकत थांबल्या. ढकलपत्राचं विचारलं तर म्हणाले, "इथे नाही, दक्षिणेकडे असेल कुठेतरी." आम्ही विषय सोडला.

खाम थिएनला फक्त मी आणि सासूबाई गेलो. पुतळ्यापुढे ताज्या उदबत्त्या होत्या. सासूबाईंनीही एक लावली. समोरच्या दुकानातल्या बाईने काडेपेटी आणून दिली, पैसे घेतले नाहीत.

टाळावं असं एक: जुन्या भागात रस्त्यात बूट दुरुस्त करायला कुणी वाकलं तर पाय मागे घ्या. नवऱ्याचा धडधाकट बूट "दुरुस्त" झाला आणि दोन लाख डोंग गेले.

मावळतीचारंग

उपयुक्त धागा. आम्ही फेब्रुवारीत जायचा विचार करतोय. हवा कशी असते? व्हिसा?

तळ्यातमळ्यात

व्हिसा ऑनलाइन, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, एकवेळ प्रवेशाची फी २५ डॉलर. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच टाका, उलटसुलट झालं तर विमानतळावर डोकेदुखी.

फेब्रुवारीत आभाळ करडं, बारीक भुरभुर आणि हाडात शिरणारा गारठा. स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट आणा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टेट, त्यांचं नवीन वर्ष. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात कधीतरी येतं. त्या दिवसांत म्युझियमं, दुकानं, खानावळी बऱ्याचशा बंद, शहर गावाकडे गेलेलं. तारीख बघून तिकीट काढा.

पण टेटमध्येच येत असाल तर पाचव्या दिवशी दोंग दा टेकाडावर जा. १७८९ च्या टेटमध्ये सम्राट क्वांग त्रुंगने दक्षिणेतून झपाट्याने कूच करून हनोईत सणाच्या मेजवानीत रमलेल्या चिनी फौजेवर हल्ला केला. सेनापती रातोरात नदीपार पळाला. तिथे दरवर्षी जत्रा भरते, गवताचा अग्निड्रॅगन नाचवतात.

रायगडचा वारा

सणात बेसावध शत्रू, अचानक छापा, सेनापती पळाला. लाल महाल! रमजानात! आता म्हणा योगायोग.

शिळाप्रेमी

योगायोगच. पण जत्रेला येतो तुमच्याबरोबर. तिकिटं बघा.